निळ्या खडूची रेघ

दिवसभर सुईशी संसार करणाऱ्या शिंप्याला आपल्या कुत्र्याला सुई टोचलेली मात्र बघवेना. म्हणून लस टोचणारी त्याची मेहुणी गल्लीत शिरताच त्याने कापड आखायचा निळा खडू ओला केला आणि बटण्याच्या कपाळावर ठसठशीत रेघ ओढली. टोचून झालेल्या कुत्र्यांवर तशीच खूण असायची. मेहुणीने दारातूनच पाहिलं.

"अरे वा, याला माझ्या कामावरच्या जोडीदाराने उरकलं वाटतं!"

ती पुढे गेली. शिंपी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश.

मेहुणी म्हणजे अजब बाई. खांद्याला बर्फाची पेटी, हातांवर दातांची नक्षी. माणसांची नावं लक्षात ठेवायचा तिला कंटाळा. सख्ख्या बहिणीलाही 'बटण्याची आई' म्हणे. पण तिचा जीव अडकलेला गल्लीपलीकडच्या रानातल्या रानकुत्र्यांत. आधीच ती जात संपत आलेली. मागे पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपर या जीवघेण्या रोगाची साथ रानात शिरली आणि अर्धा कळप गेला, तेव्हा ती घरातलं कोणी गेल्यासारखी रडली होती. तेव्हापासून गल्लीतल्या कुत्र्यांना ती त्याच रोगाची लस टोचत फिरे.

पुढे बटण्याचेच डोळे चिकटले, जबडा थरथरू लागला. रानकुत्र्यांनी टाकलेली हाडं रानाच्या कडेला जाऊन चघळायची त्याची जुनी खोड. लवकरच कळपातली एक मादी भरदुपारी रस्त्यावर झोकांड्या खाताना दिसली. ते ऐकल्यापासून शिंप्याचं कशात लक्ष लागेना. बटण्याच्या डोळ्यांत औषध घालतानाही त्याची नजर भलतीकडेच.

एका सकाळी मेहुणी कोटाची फाटलेली बाही शिवायला दुकानात आली आणि स्टुलावर बसूनच राहिली.

"दारं लावून घेतात हो लोक, भावोजी. म्हणतात, बटण्याला टोचूनही रोग झालाच ना, मग आमच्यांना कशाला छळता? आमच्याच पेटीतला बर्फ वितळून लस वाया गेली असणार. रानात बिळात पिल्लं आहेत अजून. गल्लीतली कुत्री टोचायची राहिली तर ती पिल्लंही जातील."

शिंप्याचा मशीनवरचा पाय थांबला. बाही उलटी जोडली गेली होती.

"अगं, तुझ्या लसीला कशाला बोल लावतेस? बटण्याला टोचलंच नव्हतं. ती रेघ माझी, या खडूची. म्हटलं, केकाटेल बिचारा... मीच गं केलं हे सगळं."

मेहुणीने त्याच्या हातातून कोट ओढून घेतला.

"मग हे आत्ताच्या आत्ता दारोदार जाऊन तुम्हीच सांगायचं, भावोजी."