आल्प्सची रंगीत तालीम, मार्गे सीकर रोड

शैला मोहिते यांना मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, दुर्गापुऱ्यातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये, चौदा हात वर करून आल्प्समधून काढून टाकण्यात आलं. त्या चौदातले दोन हात माझ्या आईबाबांचे होते. म्हणून हे प्रवासवर्णन मी लिहिते आहे, आणि ते गोड असणार नाही.

शैलामावशी माझी सख्खी मावशी नाही. ती मूळची साताऱ्याची. विम्याच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आली आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिली. बाबा फौजेत होते, आम्ही मिलिटरी स्टेशनच्या क्वार्टरमध्ये राहायचो, तेव्हापासून तिची आणि आईची मैत्री. तिने लग्न केलं नाही. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. आमच्या मराठी मंडळात बाकी सगळ्यांनी विचारून झालं आहे.

आल्प्सला जायचं हे तिने ठरवलं, मंडळाने नाही. सहा वर्षं ती एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत ती सहल लिहीत होती. लुसर्नच्या सरोवरावरून सुरुवात. तिथून इंटरलाकेनची गाडी, त्यात उजव्या खिडकीला बसायचं, कारण सरोवरं त्या बाजूला येतात. मग फुर्का खिंड, ऱ्होन नदीचं खोरं, आणि डोंगर ओलांडून इटलीत उतरल्यावर माज्जोरे आणि कोमो ही दोन सरोवरं. कुठल्या धक्क्यावर बोट लागते, कुठे शाकाहारी मिळतं, कुठे पायऱ्या जास्त आहेत, सगळं पेन्सिलने लिहिलेलं. तिने ती वही मंडळाचे अध्यक्ष पाटणकरकाका यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "सगळे मिळून जाऊ या."

सगळे मिळून जाणार आहेत. ती सोडून. काकांनी सभेत फॉर्म वाटला. त्यात दोन रकाने होते, श्री. आणि सौ. सात जोडप्यांची नावं भरून झाली तेव्हा मावशीने विचारलं, "मी कुठे लिहू?" काका म्हणाले, "शैलाताई, परदेशात हॉटेलं दोघा-दोघांच्या हिशेबाने चालतात. एकट्या माणसाची खोली मिळतच नाही. तुम्ही पुढच्या खेपेला या ना." आणि मतदान घेतलं. कसलं मतदान, तर सात जोडप्यांची यादी पक्की करण्याचं. वही त्यांनी स्वतःकडेच ठेवली.

त्या दुपारी मी आईला विचारलं, "तू हात का वर केलास?"

"सगळ्यांनी केला गं."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी?"

आई पोळ्या लाटत राहिली.

आमच्या मंडळाची एक जुनी पद्धत आहे. लांबच्या सहलीआधी एका रविवारी रंगीत तालीम करायची. भरलेल्या बॅगा घेऊन, ठरलेल्या जागांवर बसून, बरोबर नेणार तोच खाऊ खाऊन दिवसभर फिरून यायचं. काय विसरलं ते कळतं, कोण उशीर करतो तेही कळतं. या वेळी थंडीचीही तालीम हवी होती. मार्च संपत आलेला, बाहेर ऊन चटके देत होतं, तेव्हा काकांनी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातलं एक शीतगृह ठरवलं. मटाराचं.

मावशीला वही परत हवी होती, म्हणून ती जाणार होती. तिला एकटी जाऊ द्यायची नाही, म्हणून मी. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं.

सकाळी सात वाजता दुर्गापुऱ्यात मिनीबस उभी होती. प्रत्येक सीटच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवलेली होती, श्री. व सौ. अमुक. मागच्या दोन सीटवर चिठ्ठी नव्हती, तिथे आम्ही बसलो. पाटणकरकाकू मागे वळल्या.

"अगं शैला, तू आलीस होय? बरं केलंस. बॅगांवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच होतं."

मी तोंड उघडलं. मावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तोंड मिटलं, आणि त्याचा मला अजून राग आहे.

सीकर रोडला लागल्यावर शहर बदलतं. गुलाबी रंग मागे राहतो आणि पत्र्याच्या शेड, ट्रक, वेल्डिंगच्या ठिणग्या, लोखंडाचा वास सुरू होतो. पर्यटकांच्या नकाशात हा भाग नसतो. सकाळच्या पाळीला निघालेल्या बायका रस्त्याच्या कडेने भरभर चालत होत्या. तिथे त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नाही. मी त्यासाठी दोन वर्षं पत्रकं वाटते आहे, आणि आमच्या बसमधले लोक त्याच पत्रकांत भडंग बांधून घेऊन आले होते. तेही सांगून ठेवते.

शीतगृहाच्या दारात सहलीचे एजंट भंडारीजी उभे होते. हातात फाईल. फाईलमध्ये लाल पुठ्ठा मला लांबूनच दिसला. चौदा जणांनी कोट, कानटोप्या, हातमोजे चढवले. बाहेर मटार निवडणाऱ्या बायका काम थांबवून बघू लागल्या. त्यातली एक म्हणाली, "कहाँ जा रहे हो सब?"

"स्विट्झर्लंड," काकू म्हणाल्या.

"आज ही?"

सगळ्या बायका हसल्या. त्या दिवसातली ती पहिली शहाणी गोष्ट होती.

मावशीकडे कोट नव्हता. कोटांची यादी सात जोड्यांची होती. दारावरच्या चौकीदाराने खुंटीवरचं स्वतःचं जाड जाकीट काढून तिच्यापुढे धरलं. "पहन लो मैडमजी, अंदर ठंड सबको बराबर लगती है." मला त्याने एक घोंगडी दिली.

आत पोत्यांच्या भिंती, पांढरी वाफ आणि मशीनची घरघर. आल्प्स असे असतील तर मला नकोत. भंडारीजींनी फाईल उघडून मे महिन्यातल्या सहलीचा कार्यक्रम मोठ्याने वाचायला घेतला. पाचव्या दिवशी बसने फुर्का खिंड ओलांडायची, इथपर्यंत आले.

"मे महिन्यात ती खिंड बंद असते," मावशी म्हणाली.

भंडारीजी थांबले. "बंद मतलब?"

"बर्फ काढेपर्यंत जून उजाडतो. म्हणून तर मी जुलै लिहिला होता."

"अहो, जून-जुलैत सगळ्यांची नातवंडं येतात," पाटणकरकाका म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की आपण काय ऐकलं ते त्यांना आता समजतंय. "मग आता काय करायचं?"

चौदा कानटोप्या मावशीकडे वळल्या. मी मनात म्हणत होते, गप्प बस. अडकू दे त्यांना. बंद खिंडीसमोर जोडीजोडीने उभे राहू दे.

"खिंडीच्या अलीकडे रिआल्पला गाड्या आगगाडीवर चढवतात," ती म्हणाली. "बोगद्यातून पलीकडे नेतात. बारा महिने चालू असतं. वहीत मागच्या पानांवर आहे, बघा."

भंडारीजींनी मागची पानं उलटली. होतं.

बाहेर आलो आणि सगळ्यांचे चष्मे एकदम धुरकट झाले. भर उन्हात चौदा माणसं लोकरीच्या कोटात आंधळी उभी, आणि मटारवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसतायत. बाबांनी काकूंनाच आई समजून त्यांचा हात धरला.

मी मावशीला बाजूला घेतलं. "तू का सांगितलंस?"

"मग काय, खोटं सांगू? म्हातारी माणसं आहेत. अडकतील तिथे."

"तुला काढलं त्यांनी."

"मला काढलं. खिंड तरी बंदच आहे ना?"

तिने जाकीट घडी करून चौकीदाराला परत दिलं, दोन्ही हातांनी.

तिथून शहर आडवं कापून आग्रा रोडने बस्सीला. एका ओळखीच्या माणसाच्या शेतावर जेवण होतं. वाटेत काकूंच्या नव्या बॅगेचं चाक निखळलं आणि धाब्यासमोर ते शोधण्यात अर्धा तास गेला. सापडलं ते मावशीला. पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे अरवलीच्या बुटक्या टेकड्या, झाडं कमी, दगड जास्त. तालमीचा भाग म्हणून सगळ्यांना एका टेकडीवर चढायचं होतं. पाटणकरकाका अर्ध्यात बसले आणि म्हणाले की आल्प्समध्ये केबल कार असते. मावशी वर जाऊन आली. पासष्टीला टेकली आहे ती.

जेवायला बाटी (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे), गट्टे (बेसनाच्या उकडलेल्या वड्यांची भाजी) आणि कैरीची लौंजी, म्हणजे आपला मेथांबाच, थोडा जास्त तिखट. जेवण उत्तम होतं. रागावलेली असले तरी खोटं लिहिणार नाही.

पानावर बसल्यावर भंडारीजींनी सांगितलं की व्हिसासाठी यादी एक तारखेनंतरच्या सोमवारी जाईल, एकदा गेली की बदल नाही. सगळे खाऊ लागले. तेवढ्यात आईने बाटी मोडायची थांबवली.

"मी शैलाबरोबर राहीन," ती म्हणाली. "आम्ही दोघी एका खोलीत. आता दोघांच्या हिशेबाला काय अडचण आहे?"

त्या सभेपासून मी तिच्याशी धड बोलले नव्हते. मी माझं पान तिच्या पानाजवळ सरकवलं.

"अगं, आणि यांचं काय?" काकूंनी बाबांकडे बोट केलं.

"मला एकट्याला चालेल," बाबा म्हणाले. "मी वर्षानुवर्षं तंबूत झोपलोय."

"अरे नहीं सरजी, तंबू क्यों?" भंडारीजी ताबडतोब म्हणाले. "आपको अलग रूम दे देंगे. एक ज़्यादा रूम ही तो है. हो जाएगा."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. पुन्हा वाचा. एकटी बाई होती तोवर खोली नव्हती. एकटा पुरुष झाला आणि पानावरून हात धुवायच्या आत खोली तयार.

"म्हणजे आठवी खोली होती," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता.

"मैडम, सरजी के लिए तो करना ही पड़ेगा ना."

पाटणकरकाका खुशीत आले. "चला, मार्ग निघाला की. शैलाताई, आता तरी हसा. तुमचं काम झालं."

"माझं नाही झालं. यांची सोय झाली, तिच्यातून मी आत आले," ती म्हणाली. "पाटणकर, माझी वही द्या."

"वही? ती फाईलला लागते आहे. आणि तुम्ही येताच आहात की आता."

"अशी नाही येत. वही द्या."

काकांनी वही दिली नाही. नंतर देतो म्हणाले, लौंजी वाढा म्हणाले. मावशी उठली, हात धुतले आणि फाटकाकडे चालू लागली. मी मागे. आमच्या मागे आई, चपला हातात घेऊन, कारण घालायला वेळ झाला नाही.

परतीला आम्ही तिघी बस्सीच्या स्टँडवरून साध्या बसने आलो. खिडकीच्या काचा नव्हत्या, धूळ आत येत होती. मी सगळा वेळ बडबडत होते, पत्रक काढू, सही मोहीम करू, त्यांची सहल बंद पाडू. मावशीने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "बंद कशाला पाडतेस? मला जायचंय."

"एकटी जा ना मग. तुला सगळं पाठ आहे."

"जाता येईल. भीती नाही वाटत मला. पण बोटीतून उतरल्यावर 'बघितलंस का' असं कोणाला म्हणायचं? सोबत हवी म्हणून तर वही दिली होती."

आईने तिचा हात धरला आणि दुर्गापुऱ्यापर्यंत सोडला नाही. स्टँडवर उतरल्यावर मावशी रिक्षात बसली, आणि सवयीने रिक्षावाल्याला कुठल्या बाजूने गेलं तर गर्दी लागत नाही ते सांगू लागली.

मी माझ्या गावाबाहेर पडून पन्नास किलोमीटरही गेले नाही, तरी मला कळलं ते एवढंच: खोली होती. पहिल्या दिवसापासून होती. ज्या सभेत ती नाही असं सांगितलं गेलं, तिथे कोणी एकाने फोन लावून विचारलं असतं तर मिळाली असती. कोणी विचारलं नाही, कारण सगळे जोडीने बसले होते. माझ्या घरचेही.

आता तुमच्याकडे येते. यादी जायच्या आदल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, त्याच हॉलमध्ये सभा आहे. आई ठराव मांडणार आहे: मंडळाच्या प्रत्येक सहलीत एकट्या सभासदाला स्वतःच्या नावाने जागा मिळेल, आणि ती या सहलीपासून. बाबा अनुमोदन देणार आहेत. तुम्ही सभासद असाल तर या. घरात बसून "बिचारी शैला" म्हणू नका, या. ज्यांचे हात त्या दिवशी वर होते, त्यांनी पहिल्या रांगेत बसा आणि सगळ्यांआधी हात वर करा. जयपूरचे नसाल तर तुमच्या मंडळाच्या सहलीचा फॉर्म आजच मागवा, त्यातले रकाने बघा आणि पुढच्या सभेत उभे राहून विचारा की एकट्या माणसाने नाव कुठे लिहायचं.

आणि पाटणकरकाका, येताना वही घेऊन या.