डीपीचं तेल

आमच्या वऱ्हाडात विजेच्या रोहित्राला डीपी म्हणतात आणि त्यातल्या तेलाला औषध समजतात. गुडघे धरले की म्हातारी माणसं अकोल्याच्या आमच्या वर्कशॉपवर रिकामी बाटली घेऊन येतात. आम्ही दोघे भाऊ जळालेली जुनी रोहित्रं दुरुस्त करतो. बाटली फुकट भरून देतो आणि पुण्य केल्यासारखं वाटून घेतो. उरलेलं काळं तेल मागच्या नालीत. नाली तलावात जाते हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायची मला सोय नाही. ती मीच खणून घेतली.

माझी मुलगी समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांवर संशोधन करते. यंदा तलाव बराच आटला, मधलं बेट उघडं पडलं आणि त्यावर सुरय पक्ष्यांनी अंडी घातली. तिच्या समुद्रावरच्या पक्ष्यांचे हे गोड्या पाण्यातले भाऊबंद. ती मला होडीतून बेटावर घेऊन गेली. एक पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवून तिनं त्याच्या पंखाखालून थोडं रक्त घेतलं. एव्हाना त्याला पिसं फुटायला हवी होती, अंगावर अजून लवच होती.

तपासणीत थायरॉइडचं हॉर्मोन कमी निघालं, अ जीवनसत्त्वही कमी. जेवताना तिनं सांगितलं, "रक्तात ही दोन्ही एकाच गाडीनं जातात, बाबा. जुन्या डीपीच्या तेलातलं रसायन त्या गाडीत हॉर्मोनची जागा बळकावतं. मग जीवनसत्त्वाचाही धर सुटतो. कारखान्यांजवळच्या खाडीतल्या पिल्लांत असंच दिसतं. ड्रममधलं तेल तपासायला द्या."

"काहून वं पोरी," माझा मोठा भाऊ म्हणाला, "आता पाखराले थायरॉइड झाला? उद्या बेडकाले शुगर होईन!"

"मोठेबाबा, तेच मासे आपणही खातो."

"तुही आजी हेच तेल गुडघ्याले लावून राहिली. काय झालं तिले? तपासाले तेल-बिल काही भेटत नाही."

तो हसला. मीही हसलो. त्याच्यापेक्षा माझ्या त्या हसण्याचाच मला जास्त संताप येतो. लव असलेलं ते पिल्लू मी हातात धरलं होतं, त्यानं नव्हे.

दुसऱ्या दिवशी भावाला न विचारता मी ड्रममधल्या तेलाची बाटली भरून तिला दिली. तेलात तेच रसायन निघालं. अहवाल आला त्या सकाळी मी ड्रमांची तोंडं बंद केली आणि सिमेंट कालवून नालीचं भोक बुजवायला बसलो. भाऊ डोक्याशी येऊन उभा राहिला.

"पाखरासाठी भावाच्या पोटावर पाय देतं का बे?"

"देतो," मी म्हणालो.

तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारी बाटली घेऊन उभी राहिली. भावानं माझ्याकडे बोट केलं. "त्याले विचार, माय. आता तो डॉक्टर झाला."

हे औषध नाही, विष आहे, असं मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं काही चोरलं. "मंग इतके दिवस काहून देलं रे?" तिनं विचारलं.