दत्तानं आधीच लिहिलेली सहल

दत्ता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत तिसरीच्या वह्या तपासत होते. शिरोलीच्या कारखान्यातून माणूस आला होता. "बाई, भाऊ पडलाय," एवढंच तो म्हणाला. बाकीचं त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. उरलेल्या वह्या शेजारच्या बाईंकडे दिल्या आणि निघाले.

माझा हा धाकटा भाऊ ओतकामाचे साचे भरायचा. उद्या कोणते साचे भरायचे ते आजच लिहून ठेवायची तिथली रीत त्यानं घरीही आणली होती. त्याच्या डायरीत झालेला दिवस कधी नसायचा, येणाराच असायचा... शनिवारी दळण, रविवारी कौलं बघणे. मुंबईजवळ मोठाल्या पाळण्यांची बाग नवीन झाली होती. कारखान्यातल्यांनी सहलीची बस ठरवली, तसं त्यानं तीन आठवडे आधीच त्या दिवसाचं पान भरलं. त्याच्या मुलींनी ते मला आणून दाखवलं. "पहाटे पोचणे. मुलींना उंच पाळण्यात बसवणे, सोबत त्यांची आई. मी खाली उभा राहणे."

लहानपणी जत्रेत हा पाळण्यातून उतरायचा नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दत्त्या, खाली उभं राहायला मुंबईपर्यंत जायचं? भ्यालास व्हय रं?"

"मग पिशव्या कोण राखणार अक्का, तुझा सासरा?"

सगळे हसले, मी जास्तच. पुढचे पंधरा दिवस येईल त्याला मी हा किस्सा ऐकवला. सहल पाच दिवसांवर असताना तो गेला.

दिवसकार्याला त्याचा कारखान्यातला जोडीदार शब्बीर आला होता. निघताना म्हणाला, "अक्का, डॉक्टरनं त्याला दवाखान्यात ऱ्हायाला सांगितलं हुतं. छाती चांगली न्हाय, पाळण्याचं नाव काढू नगं म्हणले. ह्यो म्हणला, सहल करून येतो, मग ऱ्हातो. अक्काला कळलं तर पोरींची सहल बुडंल."

बुडालीच असती. मी त्याला कानाला धरून दवाखान्यात नेलं असतं. त्यानं तो वाचला असता की नाही, मला सांगता येत नाही. पण त्यानं पानावर लिहिलं होतं, मी ते वाचलं होतं, आणि मला त्यात फक्त हसण्यासारखं दिसलं.

गेल्या आठवड्यात वेणी घालताना धाकटीनं विचारलं, "आत्ती, बाबा पाळण्याला भ्यायचे?"

"नाही."

"मग तू सगळ्यांना तसं का सांगत होतीस?"

"मला कळलं नव्हतं."

तिला ते पटलेलं नाही. आत्तीला सगळं कळतं, असं तिच्या बापानंच तिला सांगून ठेवलंय.