आमच्या घरचं अंदाजपत्रक

लढाईच्या दिवसांत साखर आणि रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा आमच्या ह्यांना काटकसरीचा साक्षात्कार झाला. हे भोर संस्थानच्या कचेरीत कारकून. तिथं वर्षाचं अंदाजपत्रक करण्यात ह्यांचा हात होता, म्हणजे वरिष्ठांनी केलेलं हे सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. तेवढ्या अनुभवावर ह्यांनी घरचं आठवड्याचं अंदाजपत्रक केलं.

"बाजाराच्या दिवशी पाच रुपये मिळतील. आठवडाभर त्यातच भागवायचं. वर एक पै मिळणार नाही."

धान्य, तेल, तिखटमीठ, दूध, दोन पोरांची दुखणीखुपणी सगळं त्या पाचात. ह्यांची तपकीर आणि हॉटेलातला चहा मात्र त्यात नव्हता. तो म्हणे कचेरीच्या कामाचा खर्च.

मी हिर्डोशीच्या शेतकऱ्याची लेक. माहेरी रोकड पैसा फारसा दिसलाच नाही, त्यामुळं पाच रुपयांची मला धास्ती नव्हती. मी एवढंच ठरवलं, हुकूम अक्षरशः पाळायचा.

थोड्याच दिवसांत, बाजाराच्या आदल्या दुपारी, हे धावत घरी आले. "अगं, साहेब संध्याकाळी आपल्याकडं जेवायला येताहेत. श्रीखंड-पुरी कर."

"पैसे?"

"ठरल्यातूनच कर."

"ते संपलं. नवं मंजूर करताय का?"

हे घुटमळले. स्वतः केलेला नियम मोडायचा, तोही बायकोदेखत! "बघ काहीतरी," म्हणून कचेरीत निघून गेले.

घरात नाचणीचं पीठ होतं आणि थोडे कुळीथ. संध्याकाळी साहेबांच्या ताटात मी नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं आणि मीठ वाढलं. ह्यांचा चेहरा भाकरीहून काळा पडला. साहेबांनी मात्र दुसरी भाकरी मागून घेतली. रोज तुपात पोहणाऱ्या माणसाला त्याचं अप्रूप वाटलं असावं.

"वा! लढाईच्या काळात असंच राहायला हवं," साहेब ह्यांना म्हणाले. "हे लोकांना सांगा तुम्ही."

झालं. काटकसरीवर ह्यांचं व्याख्यान ठरलं. आणि व्याख्यानाला जुना कोट शोभेना, म्हणून नवा शिवायला टाकला. शिंप्याचे पैसे भागेपर्यंत मला पाचाऐवजी अडीच रुपये मिळू लागले. "ही तात्पुरती कपात आहे," हे म्हणाले.

कोट घरी आला त्या दिवशी मी म्हटलं, "या घरात खाणारी तोंडं जास्त झालीत. मी पोरांना घेऊन माहेरी जाते. तुमचा सगळाच खर्च वाचेल."

मला वाटलं, निदान तोंडदेखलं तरी 'नको जाऊ' म्हणतील. हे खूश होऊन म्हणाले, "छान सुचलं तुला. भातकापणी होईपर्यंत राहा."

त्याच रागात मी बोचकं बांधलं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या बैलगाडीतून हिर्डोशीला गेले.

"अवचित कशी गं आलीस?" वडिलांनी विचारलं.

"आमी काटकसर करतोय," मी म्हटलं. वडील खोकला लागेस्तोवर हसले.

आठवडाही झाला नसेल, हे चालत हिर्डोशीत हजर! नवा कोट खांद्यावर, पायाला फोड. खानावळवाला आणि धोबी यांनी मिळून ह्यांचं अंदाजपत्रक पार उलथं केलं होतं.

"बसा, जावईबापू," वडील म्हणाले. "पोटभर खावा. हितं भाकरी कुनी मोजत न्हाई."

हे मान खाली घालून जेवले. मग मला परसदारी गाठून हळूच म्हणाले, "चल घरी. इथून पुढं पगार तुझ्या हातात देईन."

"चहा-तपकिरीसकट?"

बराच वेळ ह्यांनी गोठ्यातल्या म्हशीकडं बघितलं. "सकट," म्हणाले.

मी परतले. पगार माझ्याकडं आला आणि घर सुरळीत चाललं. ह्यांचा चहाही बंद झाला नाही, फक्त मागून घ्यावा लागे. व्याख्यानं मात्र वाढली. पार वेल्ह्यापर्यंत बोलावणी येऊ लागली. एकदा मीही तिथं बायकांत बसून ऐकलं.

"आधी मी माझ्या पत्नीला हिशोबाची शिस्त लावली," हे छाती काढून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारी बसलेली एक अनोळखी बाई माझ्या कानाशी लागली, "नशिबाची असंल बाई ती, न्हाई?"

"व्हय," मी म्हटलं. "लई."