तिसरा उद्गार

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पाळकसाहेबांपाशी नाही, आणि — हसाल तुम्ही — देवापाशीसुद्धा धड नाही. रोज गुडघे टेकून म्हणते, प्रभू, माझ्या पापांची क्षमा कर. सगळी एका गाठोड्यात बांधून दिली की बरं असतं, कोणती ते सांगावं लागत नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच जमेल कदाचित.

मी बोलण्यात कुणाला हार जाणारी बाई नाही, हे आधी सांगून टाकते. शाळेत मराठी शिकवण्यात उभा जन्म गेला. नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये आजोबांपासून आमच्या घरातलं कोणी ना कोणी बोलत आलंय. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, आणि त्यांवर सात जणांनी एकामागून एक बोलायचं. मध्ये एकेक गीत. सहा उद्गार पुरुषांचे. तिसरा मात्र बाईला देतात, कारण त्यात प्रभूने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवलं. आईचा विषय आला की आमच्या पुरुषांना बायका आठवतात! तर तो तिसरा उद्गार नऊ वर्षं माझा होता. शालिनीबाई उठल्या की लोक रुमाल काढायचे. मला ते आवडायचं. कशाला खोटं बोलू — फार आवडायचं.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "शालिनीबाई, यंदा तिसरा उद्गार रतनला देऊ या. तुम्ही तिची जरा तयारी करून घ्या."

रतन! रतन म्हणजे दवाखान्यातली आया. पेठच्या डोंगराकडल्या एका पाड्यावरची, तरुणपणीच विधवा झालेली. दवाखान्यात काम करता करता विश्वासात आली, बाप्तिस्मा घेतला. वाचता येत होतं ते अक्षर लावून लावून. पण प्रार्थना करायला लागली की — काय सांगू तुम्हाला — चर्चमधली पोरंसुद्धा गप्प बसायची. ना शब्द धड, ना व्याकरण. शेजारणीशी बोलावं तशी देवाशी बोलायची. मी डोळे मिटून ऐकायचे आणि आतल्या आत जळायचे. हिला हे कोणी शिकवलं? तीन पिढ्या आम्ही ख्रिस्ती, आणि तो हिचं ऐकतो?

पाळकसाहेबांच्या मनात काय होतं तेही मला ठाऊक होतं. पेठकडच्या पाड्यांवर प्रभूची वार्ता सांगायला एक सुवार्तिक बाई पाठवायची होती. तिथेच राहायचं, शिकवायचं, आजाऱ्यांना बघायचं. रतनने स्वतःहून सांगितलं होतं, मला देवाचं पाचारण झालंय, मला माझ्या माणसांत पाठवा. चर्चच्या कमिटीतले काही जण नाकं मुरडत होते, तिला चारचौघांत बोलता तरी येईल का म्हणून. तिसरा उद्गार ही तिची परीक्षा होती. तीत पास झाली की ती जाणार होती.

आता इथे एक सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला माझी तडफड कळायची नाही. एकोणीस वर्षांची असताना एका शिबिरात मीसुद्धा उभी राहिले होते. भर सभेत, रडत रडत. मला पाचारण झालंय, मी खेड्यात जाईन! लोकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, घरात नळ होता, पंखा होता. कोणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. मला जायचं नव्हतं. पण तिने जावं हेही मला नको होतं. समजतंय ना?

तर रतन तीन आठवडे रोज संध्याकाळी ड्यूटी संपवून माझ्याकडे यायची. खुर्चीवर कधी बसली नाही मेली, मी कितीदा सांगून. मी विचारलं, काय बोलणार आहेस? तर म्हणाली, "बाई, मला शास्तरातलं लय कळत नाय. मी माझ्या सासूचं सांगते."

आणि तिने सांगितलं. बाप्तिस्मा घेतला म्हणून सासूने तिची भांडीकुंडी घराबाहेर फेकली होती. पुढे त्याच म्हातारीचं अंग लुळं पडलं. उरलेले दोन्ही मुलगे हात झटकून मोकळे झाले. मग रतन गेली आणि तिला एसटीत घालून नाशिकला आपल्या खोलीवर घेऊन आली. म्हातारी हिच्या हातचं खाईना, भिंतीकडे तोंड करून पडायची. दीड वर्ष हिने तिचं हगणं-मुतणं काढलं. शेवटच्या दिवशी सकाळी म्हातारीने पाणी मागितलं. मागताना हिला हाक मारली — आई. बस्स. सुनेला आई म्हणाली आणि गेली. चर्चमध्ये हे रतनने कोणाला सांगितलेलं नव्हतं.

मी वही हातात घेऊन बसले होते. डोळे भरले माझे. आणि भरलेल्या डोळ्यांनी मी काय विचार केला असेल? की ही हे बोलली, तर पुढच्या वर्षापासून मला कोण विचारतंय!

बुधवारी निरोप आला. दुसऱ्या उद्गारावर बोलणारे मनमाडचे रेल्वेतले गृहस्थ होते, त्यांची ड्यूटी बदलली. शालिनीबाई, तुम्ही सांभाळून घ्या. दुसरा उद्गार म्हणजे शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराचा. शेवटच्या घटकेला तो वळला आणि प्रभूने त्याला जवळ केलं, तो. तिसऱ्याच्या अगदी आधीचा.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते ओघात झालं, बोलता बोलता तोंडून निघून गेलं. कसलं ओघात! बुधवारी भाजी निवडता निवडता ठरवलं मी. शेवटच्या घटकेला वळलेली म्हातारी — चोराशी कसं चपखल बसतंय! गुरुवारी आरशासमोर दोनदा म्हणूनही बघितलं.

शुक्रवारी सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. रतनने कोणाची तरी मागून आणलेली, तिला आखूड होत होती. पदराच्या टोकाला गाठ मारून ती तिसऱ्या रांगेत बसली होती. मी वर गेले. "डोंगराकडच्या एका बाईची गोष्ट सांगते," म्हटलं. आणि सांगितली. सगळी सांगितली — भांडी, एसटी, भिंत, पाणी. चांगली सांगितली हो! कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, ते मला येतं. वर पदरचं घातलं. म्हातारीने जाता जाता प्रभूचं नाव घेतलं, असं ठोकून दिलं. तिने कोणाचंही नाव घेतलं नव्हतं. तिने फक्त आई म्हटलं होतं. पण मला माझा चोर जुळवायचा होता ना! अख्खं चर्च रडलं. मी रतनकडे बघितलंच नाही.

मग गीत झालं, आणि रतन वर गेली.

किती वेळ उभी होती कोण जाणे. लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरलेला. लोक खोकायला लागले. शेवटी म्हणाली, "आत्ता बाईंनी सांगितलं, तेच." आणि खाली उतरली. मागे कोणीतरी हसलं. बायका कुजबुजल्या की बिचारीची तयारी नव्हती, घाबरली. ती शेजारून गेली तेव्हा मी गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत होते.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पुनरुत्थानाच्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, आम्ही पहाटे कबरस्तानात जातो. आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायच्या, फुलं वाहायची, आणि उजाडलं की सगळ्यांनी मिळून गायचं. मी पोचले तर माझ्या आईच्या कबरीवर आधीच गुलछडी वाहिलेली. शेजारी रतन. म्हणाली, "माझ्या सासूला जाळली ना बाई, तिची कबर नाय. म्हणून तुमच्या आईला वाहिली." मग म्हणाली, "तुम्ही लय चांगलं सांगितलं. मला नसतं जमलं. पण तिनं परभूचं नाव नव्हतं घेतलं हो."

एवढंच. आवाजात राग नव्हता. चुकलेलं गणित दाखवून द्यावं तसं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं की नाही? मी म्हटलं, "मेणबत्ती विझतेय बघ."

सोमवारी कमिटी बसली. पाच माणसं, त्यात बाई मी एकटी. पाळकसाहेबांनी मलाच विचारलं. मनातून ते अजून तिच्याच बाजूचे होते, मला स्पष्ट दिसत होतं. एक शब्द पुरला असता. साहेब, ती गोष्ट तिची होती, मी आधी सांगून टाकली. बस, इतकंच. मी म्हणाले, "तीन आठवडे डोकं फोडलं साहेब. दोन वाक्यं धड जुळवता येत नाहीत तिला. पाठवलंत तर आपलीच शोभा होईल."

नगरकडची एक शिकलेली मुलगी नेमली. तिला त्यांची भाषा कळेना, त्यांना तिची. सहा महिन्यांत परत गेली. पुढे ते कामच बंद पडलं.

त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी नाताळच्या आधी आम्ही बायका जीप करून रतनच्याच पाड्यावर ब्लँकेटं वाटायला गेलो. एका म्हातारीने माझा हात धरला. "रतन नाय आली? तिनं सांगावा धाडला व्हता ना, मी येऊन ऱ्हाते म्हणून." तिने खोली दाखवली. रतनसाठी सारवून ठेवली होती म्हणे, दोन वर्षं. आता तिच्यात शेळ्या बांधल्या होत्या. मी काय सांगितलं असेल? "दवाखान्यातून तिला सोडेनात हो." जीपमध्ये बसून सगळ्या जणींनी गाणी म्हटली. मीही म्हटली.

रतन आहे अजून. रिटायर झाली, इथेच एका खोलीत राहते. ती पुन्हा कधी बोलायला उभी राहिली नाही, नको म्हणते. तिसरा उद्गार माझ्याकडेच राहिला. आता गुडघे साथ देत नाहीत, पण उत्तम शुक्रवारी मला दोन्हीकडून धरून वर नेतात. तिला सांगायला मला किती रविवार मिळाले, मोजा तुम्ही. एकदाही सांगितलं नाही. भीती वाटली म्हणून नाही. सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे क्षमा केली असती, आणि तेवढं मोठेपण मला तिला द्यायचं नव्हतं.

गेल्या रविवारी नव्या पाळकांनी तिला बसल्या जागीच प्रार्थना करायला सांगितली. तिने माझ्या गुडघ्यांसाठी केली. नाव घेऊन. बाईंना लय दुखतं परभू, त्यांना पायऱ्या चढायच्या असतात, म्हणाली. चर्चमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. सगळे डोळे मिटून होते. माझे उघडे होते. मी लोकांचे चेहरे बघत होते. माझ्यासाठी कधी कोणी इतकं गप्प बसलं नव्हतं.