तीन चांदण्या

समोरच्या फ्लॅटमधल्या आजींचं दार एका हाकेत कधी उघडलं नाही. "कोण?" हे त्या तीनदा विचारायच्या, मी रोज त्याच वेळी आमटीची वाटी घेऊन येते हे ठाऊक असूनही. लोकरीच्या उभ्या धाग्यांचं एक टोक दाराच्या मुठीला बांधलेलं, दुसरं त्यांच्या कमरेला, आणि मधे लाल-पांढरा पट्टा विणला जात असे.

आजी मूळच्या लाटवियाच्या. महायुद्धात घर सोडून पळालेल्या आईबापांच्या पोटी जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मल्या, ऑस्ट्रेलियात वाढल्या आणि म्हातारपणी नोकरीवाल्या मुलाबरोबर बहारीनला, आमच्या झिंज भागात आल्या. "छावणीत आई अशीच दाराला बांधून विणायची," त्या सांगत. "कुणी दार ढकललं की आधी कमरेला कळायचं." मी मुळातच भित्री. हे ऐकल्यापासून बेल वाजली की माझ्याच छातीत धस्स होई.

नक्षी कुठेही लिहिलेली नव्हती. आईच्या हातून यांच्या हातात आलेली, एकेक खूण ठरल्या क्रमाने. चांदणी मात्र अख्ख्या पट्ट्यात एकदाच. त्यांनी मलाही शिकवायला घेतलं. माझी वीण पाहून म्हणाल्या, "ही तर तुझ्या खिरीतल्या शेवयांसारखी झाली! बोटांना शिकव गं, डोकं दगा देतं."

एका दुपारी चांदणी संपली आणि त्यांचे हात थांबले. चेहरा पांढराफटक. "पुढे काय?" त्या पुटपुटल्या आणि पुन्हा चांदणीच विणू लागल्या. मग तिसरी. पुढची खूण मला येत होती. महिन्यापूर्वी त्यांनीच शिकवलेली. पण सांगायचं म्हणजे 'तुम्ही विसरलात' असं तोंडावर म्हणायचं.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर, आजी."

पुढे मुलाची नोकरी गेली, व्हिसा खलास. जाताना पट्ट्याची गुंडाळी छातीशी धरून म्हणाल्या, "नातीसाठी आहे. शिकवायला मी नसेन, हा असेल."

गेल्या आठवड्यात त्या नातीचा मेसेज आला. आजी गेल्या. आता ती तो पट्टा पाहून विणते आहे. 'ओळीने तीन चांदण्या, हे असंच असतं का?'

'नाही,' मी लिहिलं. 'माझं चुकलं. आजी विसरल्या होत्या आणि मी बरोबर आहे म्हणाले. उद्या व्हिडिओ कॉल कर, पुढची खूण दाखवते.'

मग लोकर काढून बसले. चांदणीपर्यंत बोटं सरसर चालली. तिथे थांबली. तेव्हापासून चांदणी उसवते आहे, पुन्हा विणते आहे, आणि पुढचं काही केल्या आठवत नाही.