बर्फातला कॅन

१९८६च्या जानेवारीत, एका मंगळवारी, आईचा क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला चौतीस मिलिलिटर आला. असायला हवा त्याच्या निम्म्याहून कमी. आकडा खरा असेल तर मुंबईला न्यावं लागेल आणि डोक्यावरची मासळीची पाटी बंद, असं पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

आई एडवणहून रोज सकाळच्या एसटीने पालघरच्या बाजारात मासळी विकायला जायची. तीन आठवडे तिचे पाय सुजत होते. त्याआधी रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली होती.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त त्यापासून साफ करतात, हे या तपासणीत कळतं. त्यासाठी चोवीस तासांची लघवी गोळा करतात. सकाळची पहिली टाकायची. नंतरची प्रत्येक, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट, कॅनमध्ये. कॅन थंड हवा. आमच्याकडे फ्रिज नव्हता, मासळीचा बर्फ होता.

बुधवारी आईने काकीच्या सुनेला बाजारात शेजारी बसवलं आणि गिऱ्हाइकांची ओळख करून द्यायला सुरुवात केली.

गुरुवारी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. रक्तातलं क्रिएटिनिन ०.९, म्हणजे ठीक होतं. कॅनमध्ये मात्र जेमतेम साडेसहाशे मिलिलिटर.

“मावशी, त्या दिवशी बाजारात गेला होता?”

“गेलेली.”

“आणि कॅन?”

“घरी. शेजारी कॅन ठेवून बसले तर माझी मासळी कोन घेल?”

बाजारातली लघवी कॅनबाहेर गेली म्हणून आकडा कमी आला, असं म्हणत डॉक्टरांनी रिपोर्टवर फुली मारली. एक दिवस घरी बसा, नाहीतर कॅन सोबत न्या, म्हणाले. घरी बसणं आईने हिशेबातच धरलं नाही.

रविवारी एक वेगळी पाटी भरली. तळाला बर्फ, त्यात कॅन, वर गोणपाट. मासळीपासून लांब, बाजारात आईसोबत बसलेल्या माझ्या पायाशी. एका नेहमीच्या बाईंनी गोणपाटाकडे बोट केलं. यात पापलेट लपवलंस का, असं विचारलं.

“ती पाटी विकलेली हाय. डाक्टरला.”

“सगळी?”

“थेंब पन कोनाला द्यायचा नाय, बोललाय.”

तपासणीत एकदा जरी लघवी कॅनबाहेर गेली, तरी प्रयोगशाळेत तसं सांगावं. ती पुन्हा करता येते.

दुसऱ्यांदा दीड लिटर भरली. बुधवारी आकडा आला: शहात्तर. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं चांगली आहेत, सूज गोळीची. गोळी बदलली. दहा दिवसांत सूज उतरली.

आकडा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने काकीच्या सुनेला पलीकडे सरकायला सांगितलं आणि डोक्यावरची पाटी आपल्या जागेवर उतरवली.